मुलाची परीक्षा पुष्कळ झाली, आता शाळेची व्हावी

(वर्षावासाच्या काळात बोईसर येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपणांपैकी कित्येकजण तारापूरच्या कारखान्यांतील रात्रपाळी आटोपून, डोळ्याला डोळा न लागता येथे आला आहात. कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून पोटासाठी येथे येऊन स्थायिक झाला आहात. कोणी चिंचणी, वाणगाव, केळवे, सफाळे या भागांतील पिढीजात रहिवासी आहात. आपण धम्मदीक्षा घेतली. घरातील देव्हारा रिकामा झाला, भिंतीवर भगवान बुद्धांची व परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा आली, त्रिशरण-पंचशील लहान मुलांनाही मुखोद्गत झाले. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा दप्तर घेऊन शाळेत गेला, तेव्हा शाळा तीच होती, शिक्षक तेच होते आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लिहिलेले शब्दही तेच होते. घरात जो बदल झाला तो शाळेच्या फाटकाशी थांबला. या फाटकाच्या आत मुलाच्या मनाचे काय होते, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

शिक्षणाविषयी आपल्या सभांतून पुष्कळ बोलले जाते. शाळेत घाला, गळती होऊ देऊ नका, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरा, मुलींना मागे ठेवू नका, हे सर्व योग्यच आहे. पण वर्गात बसलेल्या मुलाच्या अंतःकरणात काय चालले आहे याची चौकशी आपण क्वचितच करतो. जगातील अनेक देशांत या चौकशीसाठी एक स्वतंत्र व्यवसाय निर्माण झाला आहे. त्या व्यावसायिकाला शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणतात. आपल्याकडे त्याला बहुधा समुपदेशक या नावाने ओळखतात, आणि तो असलाच तर मोठ्या शुल्काच्या शाळांत असतो. तो आता आपल्या मुलांच्या शाळेतही यावयाचा आहे. निदान तसा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. तो येण्यापूर्वी, त्याच्याकडून आपण काय मागावयाचे आणि काय मुळीच खपवून घ्यावयाचे नाही, हे आपण ठरविले पाहिजे.

मनाचा विचार बौद्धांना नवा नाही. धम्मपदाचा आरंभच मनापासून होतो, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मनाला सर्व गोष्टींचे केंद्र मानण्याची शिकवण तथागतांच्या विचारातील अगदी पहिल्या विशेषांत गणली आहे. मात्र मी आपणांस तत्त्वज्ञान न सांगता एक कथा सांगतो. पाली अट्ठकथेत चुल्लपंथक नावाच्या भिक्खूची कथा आहे. दोघे भाऊ. थोरला महापंथक बुद्धिमान. धाकटा चुल्लपंथक जड बुद्धीचा म्हणून प्रसिद्ध. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. पुढचा चरण पाठ करावा तो मागचा निसटून जाई. अखेर थोरल्या भावानेच त्याला विहार सोडून घरी जा म्हणून सांगितले. तो निघाला असता भगवंतांनी त्याला पाहिले. त्यांनी त्याला पुन्हा गाथा पाठ करावयास लावली नाही. एक स्वच्छ वस्त्राचा तुकडा त्याच्या हाती दिला आणि सूर्याकडे तोंड करून तो हाताने चोळीत राहण्यास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले. हातात घेतले तेव्हा जे शुभ्र होते ते पाहता पाहता कसे पालटले, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि जो अनित्यतेचा बोध त्याला पाठांतराने झाला नव्हता तो या एका चिंधीने झाला. कथेत पुढे चमत्काराचाही भाग आहे. तो मी सोडून देतो.

आता पाहा. थोरल्या भावाने मुलाची परीक्षा घेतली व त्याला नापास केले. भगवंतांनी पाठाची परीक्षा घेतली व पाठ बदलला. मुलगा तोच होता.

आधुनिक काळात या कामाचा आरंभ बहुधा १८९६ पासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर या गृहस्थांनी मुलांसाठी मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा एका शिक्षिकेने आणला होता. वय चौदा वर्षांचे, आणि काही केल्या त्याला शुद्ध लिहिता येत नव्हते. तपासणीअंती त्याच्या दृष्टीत दोष आढळला. चष्मा दिला, वेगळ्या रीतीने शिकविले, आणि सुधारणा झाली. या साध्या गोष्टीचा उल्लेख मी मुद्दाम करतो. आपल्या वस्तीत ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसविलेल्या किती मुलांचे डोळे व कान कोणी तपासले आहेत? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत व शाळांत येतात. डोळे, कान आणि वाढीतील मागासलेपण पाहणे हे त्यांच्या कामातच आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, कामाला तर मुळीच पाठवू नका.

पुढे १९०५ साली पॅरिस येथे आल्फ्रेड बिने व सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना अधिक साह्य देता यावे, हा बिने यांचा हेतू होता. बुद्धी ही जन्मजात व कायमची ठरलेली असते या मताला त्यांचा विरोध होता. पण ही कसोटी अमेरिकेत गेली आणि तिचा उपयोग नेमका उलट झाला. कोण वरचा, कोण खालचा, कोणती वंशजमात बुद्धीने हीन, हे सिद्ध करण्यासाठी ती वापरली गेली. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यंक कमी म्हणून मंदबुद्धींच्या वर्गात टाकीत असत. पालक न्यायालयात गेले, आणि १९७९ साली न्यायाधीशांनी निकाल दिला की, या कसोट्या त्या मुलांच्या बाबतीत पक्षपाती आहेत व त्यांच्या आधारे मुलांना अशा वर्गांत पाठविता येणार नाही. मराठी व कानडी मुलांसाठी बिने यांच्या कसोटीचे रूपांतर १९३० नंतरच्या दशकात कामत यांनी केले. बिने-कामत कसोटी या नावाने ती आजही वापरात आहे. कसोटी वाईट असते असे मी म्हणत नाही. थर्मामीटर वाईट नसतो. पण ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, ज्याच्या घरची बोली वारली किंवा कोकणा आहे, जो अनोळखी साहेबासमोर बसून प्रश्न समजण्याआधीच घाबरला आहे, त्याचा आकडा जो कोणी केवळ कागदावरून वाचील त्याला चुल्लपंथकाच्या भावाच्या पंक्तीस बसवावे लागेल.

आता आपल्या अगदी जवळच्या प्रश्नाकडे येतो.

बाबासाहेब सातारच्या शाळेत गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसत, आणि ते गोणपाट रोज घरी नेत व आणीत, हे आपणांस ठाऊक आहे. शिपाई हजर नसेल तर पाणी नाही, हेही ठाऊक आहे. मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्यापाशी गणित सोडवावयास बोलाविले असता फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे उचलण्यासाठी वर्गातील मुले कशी धावली, तेही आपण चरित्रांतून वाचले आहे. आपण या गोष्टी अन्यायाचा इतिहास म्हणून वाचतो. मी त्या एका मुलाच्या मनाचा इतिहास म्हणून वाचा असे सांगतो. १९०१ साली वडिलांच्या भेटीला जाताना बैलगाडीच्या प्रवासात पाणी न मिळालेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने तो प्रसंग सुमारे चौतीस वर्षांनी, जगातील मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळविल्यानंतर, बारीकसारीक तपशिलासह लिहून काढला. मुले विसरतात, असे आपण सहज म्हणतो. ती विसरत नाहीत.

ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच विद्यापीठातून पुढे केनेथ क्लार्क व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४० व १९४३ साली मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या व सावळ्या रंगाच्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारले, चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती? बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. नंतर ‘तुझ्यासारखी कोणती’ हा प्रश्न आला तेव्हा काही मुले रडू लागली. हा पुरावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात न्यायालयाने सर्वानुमते ठरविले की, वर्णावरून मुलांना वेगळ्या शाळेत घालणे त्यांच्या मनात हीनतेची भावना रुजविते व म्हणून ते घटनाविरुद्ध आहे. मानसशास्त्राने त्या दिवशी मुलाच्या बाजूने साक्ष दिली.

आपण म्हणाल, आता शाळेत गोणपाट नाही, नळ एकच आहे, पोषण आहाराची पंगतही एकच आहे. सर्वत्र तसे असते तर बरे झाले असते. तरी काही अंशी हे खरे आहे असे धरू. मग आणखी एक प्रयोग ऐका. हा आपल्याच देशातला आहे. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. ३२१ मुले उच्च जातींतील, ३२१ चर्मकार समाजातील. सोडविलेल्या प्रत्येक कोड्यास रोख पैसे. जोवर जातीचा उच्चार झाला नाही तोवर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या खोलीत तेच कोडे, तेच पैसे. फक्त आरंभी प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. एवढ्यानेच चर्मकार मुलांची कामगिरी सुमारे एकपंचमांशाहून अधिक घसरली. २००६ साली हा निबंध अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

बंधूंनो, या प्रयोगात कोणी कोणाला शिवी दिली नाही, मारले नाही, वेगळे बसविले नाही. केवळ पुकारा केला.

हा पुकारा आपल्या शाळांत किती वेळा होतो ते मोजा. ‘सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीच्या मुलींनी उभे राहा.’ ‘मागासवर्गीयांचे दाखले ज्यांनी आणले नाहीत त्यांनी हात वर करा.’ कित्येक वर्षे सरकारी शाळांत सर्व मुलींना गणवेश मिळे, पण मुलांपैकी तो अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील मुलांनाच मिळे. २०२३ साली राज्याने तो उरलेल्या मुलांनाही लागू केला. तोपर्यंत गणवेश वाटपाचा दिवस हाच जात वाचून दाखविण्याचा दिवस होता. शिक्षकाच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. त्याला तक्ता भरून तालुक्याला पाठवावयाचा असतो. पण गणिताच्या तासाला हा पुकारा झाला, तर त्या तासाचे गणित आपल्या मुलाला का जमले नाही याचे उत्तर त्याच्या बुद्धीत शोधू नये.

नवदीक्षितांच्या घरी यात आणखी एक गाठ आहे. मुलगा अभिमानाने सांगतो, ‘मी बौद्ध.’ समोरून विचारणा होते, ‘ते झाले, पूर्वीची जात कोणती?’ १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, आणि त्यासाठी दाखल्यावर पूर्वीच्या जातीची नोंद लागते. तो आपला हक्क आहे. तो सोडण्याचे कारण नाही. परंतु हा प्रश्न कार्यालयात, आई-बापांना, कागदापुरता विचारला जावा. वर्गात, मुलाला, पन्नास जणांसमोर विचारला जाऊ नये. ज्या नावाचा त्याग करून मुलाने मान वर केली, तेच नाव त्याच्याच तोंडून वदवून घेणे म्हणजे दीक्षेने जे दिले ते वर्गात काढून घेणे होय. घरीही त्याला हे समजावून सांगावे लागेल: बेटा, कागदावरील ती नोंद ही झालेल्या अन्यायाची पावती आहे, तुझे नाव नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला हे समजते. मोठ्यांनाच बोलावयास संकोच वाटतो.

आता शाळेने मुलाकडे कसे जावे, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ते आपल्या चळवळीतले नसले तरी खरे आहे म्हणून सांगतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीकडे येईनात, तेव्हा मुलांना दोष न देता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे काम डहाणूजवळच्या कोसबाडला गेले. तेथे गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसले, म्हणून कुरणातच शाळा भरविली. अंगणवाडी हा शब्द १९७५ नंतर सरकारी योजनेने देशभर पोहोचला. त्याचे मूळ या किनाऱ्यावर आहे. ही मोठमोठ्या उपकरणांची किमया नव्हे. मूल येत नाही तर कोठे अडते, हा प्रश्न मुलाला न विचारता शाळेला विचारला, एवढेच. मला त्या परंपरेची सारी भाषा मान्य नाही. ज्यांच्या अंगणात बालवाडी भरली त्यांना तिच्या कारभारात किती वाटा मिळाला, हा प्रश्न उरतोच. पण कुरणशाळा उभी राहिली हे नाकारता येणार नाही.

याच जिल्ह्यात मुलांच्या मनावर येणारी ओझीही निराळी आहेत. बाप तिसऱ्या पाळीला, आई पहिल्या पाळीला. मूल आणि आई-बाप एकमेकांना जागेपणी भेटतात ते रविवारी. कारखान्यात स्फोट झाला की आवाज दूरवर जातो. ११ जानेवारी २०२० च्या सायंकाळचा स्फोट आपणांपैकी अनेकांनी ऐकला असेल. त्या रात्री ज्यांचे वडील पाळीवर होते त्या मुलांना सोमवारी वर्गात कोणी काही विचारले काय? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले व महिनेच्या महिने चालले. कुटुंबे थंडीत तंबूंत निजली. धक्के किती रिश्टरचे होते हे मोजणारी यंत्रे आली. मुले किती घाबरली हे मोजावयास कोण आले?

मन खचल्यावर माणूस दुबळा ठरविला जातो, हेही आपण पाहिले. २०१६ साली हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी ही आपल्या समाजांची बुद्धिमान तरुण मुले आपल्यातून गेली. त्यांच्या मातांनी रडत न बसता २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली की, उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभाव थांबविण्याची व्यवस्था करा. अशा प्रत्येक घटनेनंतर संस्था जाहीर करतात, आम्ही समुपदेशक वाढवू. वाढवावेतच. पण ज्या समुपदेशकाला जातीविषयी विचारण्याचे धैर्य नाही, जो अपमान सहन करणाऱ्याला दीर्घ श्वास घ्यावयास शिकवितो आणि अपमान करणाऱ्याचे नाव लिहून घेत नाही, तो रोग्याला औषध देऊन पुन्हा त्याच गळक्या, धुराने भरलेल्या खोलीत पाठविणारा वैद्य आहे. रायाच्या कारखान्यातील वायूने खोकणाऱ्या माणसाला केवळ खोकल्याचे औषध देऊन भागत नाही, हे तारापूरकरांना निराळे सांगावयास नको.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल दिला. एका पित्याने आपल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा नीट तपास मागितला होता. न्यायालयाने तपास तर बदललाच, पण देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी, शाळांसह, मार्गदर्शक आदेश घालून दिले; कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. ज्या संस्थेत १०० किंवा अधिक विद्यार्थी आहेत तिने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करावी. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत लाजवू नये. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर वंचित गटांतील विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता वागण्याची जाण त्यांना द्यावी.

कागदावर हे उत्तम आहे. आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. बोईसरच्या मोठ्या शाळांत शंभराचा आकडा सहज ओलांडला जातो. परंतु जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांतील शाळांत तीस-चाळीस मुले असतात. त्या सर्व लहान शाळा ‘बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडणी’ या कलमात जातील, आणि ती जोडणी एखाद्या फलकावर लिहिलेल्या दूरध्वनी क्रमांकापुरती राहील अशी मला भीती वाटते. माझी सूचना साधी आहे. आपल्या राज्यात सुमारे दहा शाळांचे एक केंद्र असते व त्यावर केंद्रप्रमुख असतो. प्रत्येक केंद्रास एक समुपदेशक द्यावा. त्याने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शाळेत बसावे. आणि या नेमणुकांत आरक्षणाचे पालन व्हावे, म्हणजे वारली, कातकरी, बौद्ध घरांतून आलेली माणसेही त्या खुर्चीवर दिसतील. फिनलंड देशात २०१४ पासून कायदा आहे की, विद्यार्थ्याने मागणी केल्यावर सात कामाच्या दिवसांत त्याला शालेय मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्त्याची भेट मिळालीच पाहिजे, आणि निकड असल्यास त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी. अमेरिकेतील शालेय मानसशास्त्रज्ञांची संघटना पाचशे विद्यार्थ्यांमागे एक तज्ज्ञ असावा म्हणते, आणि तो त्या श्रीमंत देशातही बहुतेक ठिकाणी नाही. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या दर शंभर मुलांत सुमारे सात जणांना मानसिक विकार आढळले. हजार मुलांच्या हायस्कुलात सत्तर मुले! दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मंडळ दूरध्वनीवर समुपदेशक बसविते, ते चांगले. पण पाऊस सुरू झाल्यावर कौले शाकारण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट येऊ घातली आहे. आता यंत्रच मुलांशी बोलेल, त्यांचे दुःख ऐकेल, सल्ला देईल, असे सांगणारे पुष्कळ निघाले आहेत. यंत्र जेथे मदत करील तेथे करू द्या. मात्र श्रीमंतांच्या मुलाला माणूस आणि गरिबांच्या मुलाला यंत्र, अशी वाटणी आपण मान्य करणार नाही.

शाळेविषयी एवढे बोलल्यावर घराविषयी बोललेच पाहिजे. आपल्या घरांत मुलगा नापास झाला की बाप भिंतीकडे बोट दाखवून म्हणतो, ‘बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुला विजेचा दिवा असून काय झाले?’ बापाचा हेतू चांगला असतो. परंतु ज्या प्रतिमेकडे पाहून मुलाला बळ यावयाचे, तीच त्याला रोज न्यायाधीशासारखी दिसू लागते. बाबासाहेबांनी हा समाज उभा केला तो प्रत्येक मुलाने बॅरिस्टर व्हावे म्हणून नव्हे. सामान्य मुलालाही माणूस म्हणून जगता यावे म्हणून. घराण्यातील पहिला शिकणारा मुलगा साऱ्या खानदानाचे स्वप्न दप्तरात घालून नेतो. ते ओझे थोडे हलके करा. मुलगी अचानक गप्प झाली, जेवेना, शाळेचे नाव काढताच पोट दुखू लागले, झोपेत दचकू लागली, तर तिला भगताकडे नेऊ नका. अंगारा व दोरा आपण दीक्षेच्या दिवशीच सोडला आहे. प्रथम तिच्याजवळ बसा. मग शाळेत कोणी काही बोलले का, हात लावला का, हे न रागावता विचारा. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. मुलावर कोणी अत्याचार करीत असल्यास १०९८. हे दोन आकडे स्वयंपाकघरातील भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मारहाण आणि मानसिक छळ या दोहोंना शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत बंदी आहे. हे कलम शाळेला सांगताना आपल्या हातातील काठीही खाली ठेवावी लागेल.

आता करावयाचे काय ते सांगतो आणि थांबतो. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. त्या समितीत आपल्या भगिनी असतात, पण सही करण्यापुरत्या. यापुढे तसे नको. पुढच्या सभेत तीन गोष्टी लेखी विचारा. जुलै २०२५ च्या निकालाप्रमाणे समुपदेशक नेमला काय, नेमला नसल्यास कोणाशी जोडणी केली. शिष्यवृत्ती, दाखले व जातीसंबंधी माहिती वर्गात न विचारता पालकांकडून कार्यालयात घेतली जाईल असा ठराव करणार काय. आणि मुलाची बौद्धिक कसोटी घ्यावयाची झाल्यास ती मुलाच्या बोलीत, पालकांच्या संमतीने व त्यांना निकाल समजावून सांगून घेतली जाईल काय. अर्ज दोन प्रतींत करा, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मुख्याध्यापक चांगले असतील तर त्यांना या अर्जाने वर भांडावयास आधारच मिळेल. पुष्कळ मुख्याध्यापक एकटे पडलेले असतात, हे विसरू नका.

अर्जाचा नमुना विहारात ठेवला आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आमची महाविद्यालयात जाणारी मुले लिहून देतील. जाण्यापूर्वी प्रत्येक मातेने आपल्या मुलाच्या शाळेचे नाव, पटसंख्या आणि पुढील समितीसभेची तारीख त्या वहीत नोंदवावी. पौर्णिमेला आपण पुन्हा जमू तेव्हा कोणत्या शाळेची पोच आली, ते वाचून दाखविले जाईल.

नमो बुद्धाय. जयभीम.